शेंगवर्गीय झुडपांचा पाला: प्रथिनांच्या आकड्यापलीकडे काय बघायचं?

पालापाचोळा

शेळ्या-मेंढ्यांसाठी स्थानिक शेंगवर्गीय झुडपांचा विषय निघाला की सगळ्यांची नजर पहिल्यांदा एकाच रकान्यावर जाते: कच्ची प्रथिनं. पाल्यात २० टक्के, वाळलेल्या गवतात ४ टक्के, म्हणजे झुडूप हा पेंडीला सरळ पर्याय. हा हिशेब मला फार घाईचा वाटतो. त्यावर नीट बोलणं व्हावं म्हणून हा धागा काढतोय.

कच्ची प्रथिनं हा आकडा प्रथिनं मोजून येतच नाही. पाल्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. त्या नायट्रोजनात खरी प्रथिनं असतात, तसाच तंतूंना घट्ट चिकटलेला, जनावराच्या अंगी कधीच न लागणारा भागही असतो. काही झुडपांत विषारी अमिनो आम्लांतला नायट्रोजनही त्याच बेरजेत धरला जातो. सुबाभळीतलं मिमोसिन हे त्याचं ठळक उदाहरण. टॅनिननं, म्हणजे पाल्यातल्या तुरट द्रव्यानं, किती प्रथिनं बांधून ठेवली आहेत, हेही या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून दोन झुडपं कागदावर सारखी दिसतात आणि पोटात गेल्यावर वेगळी वागतात. शेवरी घ्या आणि कॅलिअँड्रा घ्या. दोन्हींच्या पाल्यात २० टक्क्यांच्या वर कच्ची प्रथिनं मिळू शकतात. शेवरीचा पाला झपाट्यानं पचतो. कॅलिअँड्रात टॅनिन इतकं की बऱ्याचदा निम्मा पालाही पचत नाही.

प्रथिनांचा आकडा पहिली चाळणी म्हणून चालेल. पण पाला पचतो किती, त्यात टॅनिन किती आणि जनावर तो प्रत्यक्ष खातं किती, हे कळल्याशिवाय कुठल्याही झुडपाला 'उत्तम चारा' म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. तुम्ही काय बघता?

दावण

मुद्दा मान्य, पण त्या आकड्याला इतकंही मागे ढकलू नका. कोरड्या हंगामात नेमकी त्याचीच टंचाई असते. कोटीपोटातल्या, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, सूक्ष्मजीवांना कामाला नायट्रोजन लागतो. आहारातली कच्ची प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की ते मंदावतात, तंतू पचायला वेळ लागतो, पोट भरलेलंच राहतं आणि जनावर खाणं कमी करतं. समोर गवताचा ढीग असूनही शेळी खंगते ती यामुळे.

साधा हिशेब मांडतो. ३० किलोची शेळी दिवसाला सुमारे १ किलो शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा चारा) खाते असं धरू. ४ टक्क्यांचं वाळलं गवतच दिलं तर प्रथिनं ४० ग्रॅम. त्यातलं ३०० ग्रॅम गवत काढून २० टक्क्यांचा पाला दिला तर गवताचे २८ आणि पाल्याचे ६०, मिळून ८८ ग्रॅम, म्हणजे ८.८ टक्के. उंबरठा ओलांडला. हिरव्या पाल्यात साधारण ७० टक्के पाणी असतं, म्हणजे ३०० ग्रॅम शुष्क पदार्थासाठी किलोभर हिरवा पाला लागेल. शिवाय नायट्रोजन मिळाल्यावर गवतही चांगलं पचतं आणि जास्त खाल्लं जातं. हा फायदा पाल्याच्या रकान्यात कुठंच दिसत नाही.

पालापाचोळा

दावण, हिशेब आवडला. आता तोच पुढे नेऊ. पाल्यातली निम्मी प्रथिनं टॅनिननं बांधली असतील तर कोटीपोटाला ६० च्या जागी ३० ग्रॅमच मिळतील. २८ अधिक ३०, म्हणजे ५८ ग्रॅम. ५.८ टक्के. पुन्हा उंबरठ्याच्या खाली. कागदावर ८.८, सूक्ष्मजीवांच्या हाती ५.८. माझं सगळं भांडण या फरकाशी आहे.

कोवळा शेंडा

मी या विषयात नवीन आहे. टॅनिन म्हणजे वाईटच का? काही ठिकाणी 'जंत कमी होतात, टॅनिनयुक्त पाला द्या' असं वाचलंय, इथं उलट वाचतेय.

प्रयोगवही

दोन्ही खरं आहे. सगळं प्रमाणावर आणि टॅनिनच्या जातीवर अवलंबून आहे. जरा लांबण लावते, कारण या धाग्याचं मर्म इथंच आहे.

टॅनिनचे ढोबळ दोन गट. एक जलविघटनशील, दुसरा संघनित. शेंगवर्गीय झुडपांत संघनित टॅनिनच जास्त चर्चेत असतं. ते प्रथिनांना धरून ठेवतं. कोटीपोटात सामू (पीएच, आम्लतेचं माप) ६ ते ७ च्या दरम्यान असतो, तिथं ही पकड पक्की राहते. चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, सामू ३ च्या आसपास किंवा खाली उतरतो आणि पकड सुटू शकते. प्रमाण बेताचं असेल तर होतं असं की प्रथिनं कोटीपोटात फुकट न जाता सुखरूप पुढे जातात आणि आतड्यात शोषली जातात. शुष्क पदार्थाच्या २ ते ४ टक्के संघनित टॅनिन असेल तर हा फायदा दिसू शकतो. ५-६ टक्क्यांच्या पुढे गेलं की तोंडाला तुरटपणा येतो, खाणं घटतं, कोटीपोटातल्या जीवाणूंवर परिणाम होतो आणि काही प्रथिनं शेवटपर्यंत न सुटता लेंडीवाटे बाहेर पडतात.

मात्र या मर्यादा दगडावरची रेघ नाहीत. एका झुडपातलं ३ टक्के टॅनिन दुसऱ्यातल्या ६ टक्क्यांपेक्षा जास्त जाचक ठरू शकतं, कारण त्यांची रेणूरचना वेगळी असते. प्रयोगशाळेत रंगावरून टॅनिन मोजताना तुलनेला कोणता नमुना घेतला यावरही आकडा बदलतो. दोन वेगळ्या अहवालांतले टॅनिनचे आकडे शेजारी ठेवून झुडपांची क्रमवारी लावणं मला पटत नाही.

त्यापेक्षा परिणाम मोजणारी चाचणी बरी. कोटीपोटातला रस काढून त्यात वाळवलेल्या पाल्याची भुकटी घालतात, ३९ अंशांवर ठेवतात आणि किती वायू तयार होतो ते बघतात. मग दुसऱ्या नळीत तोच पाला आणि सोबत पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालतात. हा पदार्थ टॅनिनला स्वतःकडे ओढून निकामी करतो. दोन नळ्यांतल्या वायूचा फरक जितका मोठा, तितकं त्या पाल्यातलं टॅनिन पचनाला आडवं येतंय. फरक जेमतेम असेल तर टॅनिनचा आकडा मोठा दिसला तरी घाबरायचं कारण नाही.

जंतांबद्दल: संघनित टॅनिन असलेल्या चाऱ्यावर विष्ठेतली जंतांची अंडी कमी झाल्याचं शेळ्या-मेंढ्यांच्या अनेक प्रयोगांत दिसलंय, विशेषतः जठरात राहून रक्त पिणाऱ्या हीमॉन्कस या जंताच्या बाबतीत. एक तर टॅनिनचा जंतांवर थेट परिणाम होतो, दुसरं म्हणजे जास्तीची प्रथिनं आतड्यात पोचल्यानं जनावराची प्रतिकारशक्ती सुधारते. पण त्याला जंतनाशकाची जागा देऊ नका. डोळ्याची आतली त्वचा पांढरी पडलेल्या शेळीला पाल्याच्या भरवशावर ठेवणं म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणं.

आणखी एक गुण सांगायचा राहिला. थोडं टॅनिन असलेल्या शेंगवर्गीय चाऱ्यावर फेसाळ पोटफुगी जवळजवळ होत नाही, कारण फेस धरणारी विद्राव्य प्रथिनंच टॅनिन खाली बसवतं.

माळरान

प्रयोगवही ताई, वायूचाचणीचं इतकं सोपं वर्णन पहिल्यांदा वाचलं. आभार.

तुमच्या मुद्द्याला ऑस्ट्रेलियातल्या मुल्गा या स्थानिक बाभळीचं उदाहरण जोडतो. दुष्काळात मेंढ्या जगवायला तिकडं मुल्गाच्या फांद्या तोडून घालण्याची जुनी पद्धत आहे. पाल्यात प्रथिनं ठीकठाक, साधारण १० टक्के किंवा थोडी जास्त, म्हणजे कागदावर ७ चा उंबरठा सहज पार. तरी मेंढ्या जेमतेम तगतात, वजन घटतं. कारण टॅनिन, आणि जोडीला गंधक व स्फुरद (फॉस्फरस) कमी. मेंढ्यांना पॉलिइथिलीन ग्लायकॉल दिल्यावर खाणं वाढलं, लोकरीची वाढ सुधारली. पाला तोच, मेंढ्या त्याच. बांधलेली प्रथिनं मोकळी झाली एवढाच बदल. धागाकर्त्याचं म्हणणं याहून चांगल्या रीतीनं सिद्ध होणार नाही.

चरणवाट

मला या चर्चेत 'स्थानिक' या शब्दावर जरा थांबावंसं वाटतं. स्थानिक म्हणजे निर्धोक असा एक समज सगळीकडे दिसतो. पाणी कमी लागतं, मुळं खोल जातात, तिथल्या मातीतल्या जीवाणूंशी जमतं, बी फोफावून दुसऱ्यांच्या मुळावर उठत नाही, हे फायदे खरे आहेत आणि मी स्वतः स्थानिक झुडपांच्याच बाजूचा आहे. पण चाऱ्याची सुरक्षितता ही वेगळी गोष्ट.

नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातलं गॅस्ट्रोलोबियम बघा. शेंगवर्गीय, तिथलंच, आणि त्यात फ्लुरोॲसिटेट हे जहाल विष. तिथले कांगारूवर्गीय प्राणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत वाढले, त्यामुळे ते बऱ्यापैकी सहन करतात. बाहेरून आणलेली मेंढरं मरतात. झुडूप स्थानिक होतं, जनावर नव्हतं.

टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोतली ग्वाहियो ही बाभळीच्या कुळातली झाडी शेळ्या-मेंढ्या एरवी मजेत खातात. दुष्काळात दुसरं काही उरलं नाही आणि महिनोन्‌महिने तेवढंच खाल्लं की तिच्यातल्या अमाइन्समुळे मागचे पाय लटपटायला लागतात. म्हणजे विष झुडपात आहेच, पण ते बाधतं चाऱ्यातली विविधता संपल्यावर.

क्रोटालारियाच्या, म्हणजे खुळखुळ्याच्या वर्गातल्या बऱ्याच जाती यकृत बिघडवतात. इंडिगोफेरात काही जाती उत्तम चारा, तर इंडिगोफेरा स्पिकाटामधलं इंडोस्पिसिन यकृताला घातक. एकाच कुळात, एकाच प्रजातीगटात ही दोन टोकं. म्हणून 'इंडिगोफेरा चांगला' अशी वाक्यं कुणी लिहिली की मी आधी जात विचारतो.

कोवळा शेंडा

मग सुबाभळीचं काय? कुठं ती चाऱ्याची राणी, कुठं केस गळतात म्हणून बदनाम.

चरणवाट

सुबाभळीची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. तिच्यातल्या मिमोसिनमुळे केस किंवा लोकर गळते. कोटीपोटात मिमोसिनपासून डीएचपी नावाचा पदार्थ बनतो, तो थायरॉइडला त्रास देतो, गलगंड येतो, खाणं कमी होतं. ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास होत होता आणि हवाईमधल्या शेळ्या तोच पाला भरपूर खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं तर्क केला की फरक कोटीपोटातल्या जीवाणूंत असणार. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हवाईतल्या शेळीच्या कोटीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि तीही डीएचपी पचवायला लागली. त्यातल्या एका जीवाणूचं १९९२ साली नामकरण झालं, सिनर्जिस्टीस जोन्सी. जोन्स यांच्यावरूनच.

तेव्हा एकाच पाल्याचं पोषणमूल्य दोन कळपांत वेगवेगळं असू शकतं. पाल्याचा अहवाल पाल्याबद्दल सांगतो, कळपाच्या पोटात कोण राहतंय ते सांगत नाही. पोटाला सवय नसलेल्या कळपाला सुबाभूळ द्यायची तर एकूण आहाराच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. घोड्याला किंवा सशाला तर अजून जपून, त्यांच्याकडे कोटीपोटच नाही.

दावण

खनिजांवर कुणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. शेंगवर्गीय पाल्यात कॅल्शियम सहसा भरपूर आणि स्फुरद कमी. दोन्हींचं गुणोत्तर २ ला १ च्या आसपास असावं असं मानतात, पाल्यात ते कितीतरी जास्त असतं. स्फुरदाची किमान गरज भागत असेल तर रवंथ करणारी जनावरं ७ ला १ पर्यंत निभावून नेतात. पण दुभत्या आणि गाभण शेळ्यांना, वाढीच्या करडांना नुसत्या पाल्यावर स्फुरद कमी पडतं. धान्याचा कोंडा त्यात श्रीमंत असतो, त्याची जोड चांगली बसते. मीठही पाल्यात नगण्य, चाटण ठेवावंच.

लेंडीखत

मला नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दल तक्रार करायची आहे. अहवालासाठी आपण फांदीच्या फांदी कापतो, वाळवतो, दळतो. शेळी तसं खातच नाही.

एखाद्या काटेरी बाभळीपाशी शेळी चरताना नीट बघा. वरचा ओठ बोटासारखा वळवून ती दोन काट्यांच्या मधली पानं खुडते. आधी कोवळे शेंडे आणि फुलोरा. मग पेन्सिलीपेक्षा बारीक, अजून हिरव्या असलेल्या डहाळ्या. निबर काडी तोंडात आलीच तर बाजूला टाकते. खालचं संपलं की मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पाय फांदीवर टेकवते आणि फांदी वाकवते. थोडं खाऊन पुढच्या, वेगळ्या झुडपाकडे जाते, पुन्हा मागे येते. मेंढी तेच झुडूप बघून बहुतेक वेळा बुडाशी उगवलेल्या गवताकडे वळते, पानं खाल्ली तरी तोंडाच्या उंचीवरची.

म्हणजे शेळीच्या पोटात गेलेला पाला हा कापलेल्या फांदीपेक्षा किती तरी चांगल्या प्रतीचा असतो. तपासणीला नमुना द्यायचा तर जनावरामागे चालत जा, ते काय खुडतंय ते बघा आणि हातानं तसंच खुडून घ्या. काड्या वेगळ्या, पानं वेगळी, शेंगा वेगळ्या पिशवीत. आणि हंगाम लिहा. नव्या फुटव्यातली प्रथिनं आणि निबर पानातली प्रथिनं यांत मोठी तफावत असते. टॅनिनचं तर काही जातींत कोवळ्यात जास्त, काहींत निबरात जास्त.

पालापाचोळा

लेंडीखत, हे फार मोलाचं लिहिलंत. यात उलट बाजूही आली. गव्हाणीत तोडून टाकलेला पाला आणि मोकळं चरताना खाल्लेला पाला यांचं पोषणमूल्य एकच धरता येणार नाही. बांधलेल्या शेळीला निवडीची मुभा हवी असेल तर तिला लागतो त्यापेक्षा जास्त पाला टाकावा लागेल आणि उरलेल्या काड्या उचलाव्या लागतील. शेळीनं काड्या टाकल्या की आपण तिला नासधूस करणारी म्हणतो. ती तर स्वतःच्या आहाराची प्रत सांभाळत असते.

कोवळा शेंडा

आमच्याकडच्या शेळ्या ग्लिरिसिडियाला तोंडच लावत नाहीत. वास घेतात आणि मान फिरवतात. पाल्यात प्रथिनं तर चांगली आहेत म्हणे.

प्रयोगवही

हे सगळीकडे ऐकू येतं. ग्लिरिसिडियाचा ताज्या पाल्याचा वास जनावरांना नको असतो. कापून काही तास सुकू द्या, मग द्या. सुरुवातीला आवडीच्या चाऱ्यात मिसळून, थोडं थोडं, दहा ते चौदा दिवसांत वाढवत न्या. एकदा चटक लागली की पुढे अडचण येत नाही. करडं आईसोबत असतानाच त्यांना ओळख करून दिली तर सगळ्यात उत्तम. आई काय खाते ते पिल्लं बघून शिकतात आणि खाल्ल्यावर पोटाला कसं वाटलं ते लक्षात ठेवतात. अमेरिकेतल्या यूटाह स्टेट विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेंझा यांनी यावर आयुष्यभर काम केलं.

सुकवण्याचं तंत्र मात्र सगळ्या झुडपांना एकसारखं लावू नका. कॅलिअँड्रा सुकवला की त्याची पचनीयता खाली येते, तो ताजाच द्यावा असा अनुभव बऱ्याच ठिकाणचा आहे. आणि वाळवायचंच असेल तर सावलीत. कडक उन्हात कॅरोटीन उडून जातं, पानं चुरून खाली गळतात, हाती काड्या राहतात.

माळरान

एक उपप्रश्न: 'शेंगवर्गीय' म्हटलं की मुळांवर गाठी आणि हवेतला नायट्रोजन हे आलंच, असं गृहीत धरलं जातं. आपटा-कांचनाच्या बाउहिनिया वर्गात आणि तरवडाच्या सेना वर्गात गाठी येत नाहीत. तरी काहींच्या पानांत प्रथिनं बरी असतात. लागवडीचं झुडूप निवडताना चाऱ्याचा आणि जमिनीचा विचार वेगवेगळा करावा. एका गुणावरून दुसरा ठरवू नये.

दावण

छाटणीवरही दोन ओळी. पहिल्या छाटणीची घाई करू नका, आधी मुळं खोल जाऊ द्या. नंतर गुडघ्याच्या वर ते कमरेएवढं खोड ठेवून छाटा आणि थोडी पानं शिल्लक ठेवा. दोन छाटण्यांत अंतर वाढवलं तर एकूण पाला जास्त मिळतो पण काड्यांचा वाटा वाढतो, अंतर कमी केलं तर पाला कोवळा मिळतो पण झुडूप दमतं. साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या मधे प्रत्येक झुडपाचा मेळ बसतो. पाऊस थांबल्यावर अंतर वाढवायलाच हवं.

चरणवाट

पालापाचोळा, तुम्ही विचारलं होतं काय बघता. मी झुडपाची नोंद करताना आधी लिहितो: जात नक्की ओळखली का, कोणत्या हंगामात, जनावरानं कोणता भाग खाल्ला, सोबत दुसरं काय होतं. त्यानंतर प्रथिनं. पचनीयता किंवा वायूचाचणी मिळाली तर त्याच्या शेजारी. टॅनिनचा नुसता आकडा मी शेवटी लिहितो आणि कोणत्या पद्धतीनं मोजला ते लिहिल्याशिवाय लिहीत नाही.

कोवळा शेंडा

शेवटचा प्रश्न. बाभळीच्या शेंगा. पानं गळून जातात तेव्हा शेंगाच हाताशी असतात. त्यांचा हिशेब पाल्यासारखाच धरायचा का?

लेंडीखत

नाही, शेंगांचा हिशेब निराळा. टरफलात आणि गरात साखर असते, ती कोटीपोटाला लगेच ऊर्जा देते, म्हणून वाळल्या गवतासोबत शेंगा छान बसतात. पण शेंगेतली बरीचशी प्रथिनं बियांत असतात आणि बी कडक कवचाची. न चावता गिळलेली बी तशीच बाहेर पडते. शेळी-मेंढी गाईपेक्षा बारीक चावते, तरी सगळी बी फुटत नाही. लेंड्या चुरून बघा, अख्ख्या बिया दिसल्या तर तेवढी प्रथिनं गेली असं समजा. शेंगा भरडून दिल्या तर बियांतलंही हाती लागतं. अख्ख्या शेंगा खाल्लेला कळप जिथं जाईल तिथं ती बी रुजवत जातो. स्थानिक बाभूळ असेल तर ते आपल्याला हवंच आहे. पण बाहेरून आलेलं आणि पसरत जाणारं झुडूप असेल, तर शेंगा भरडल्याशिवाय कळपापुढे टाकू नका.